मुकुटाबरोबर मिशी

कॉम्प्युटर दुकानात आला त्या दिवशी पहिली अडचण अशी निघाली, की त्याला घालायला कपडे नव्हते. ज्या दुकानात राजापासून राक्षसापर्यंत आणि परीपासून पोपटापर्यंत सगळ्यांच्या मापाचे कपडे लटकत होते, तिथे एवढ्याशा पेटीच्या अंगावर मात्र चिंधी नव्हती. त्या काळी कॉम्प्युटरला अभ्रा घालायची पद्धत होती. धूळ बसली की त्याचं डोकं फिरतं, असं जो तो सांगायचा. मग कपडे शिवणाऱ्या मास्तरांनी एका सेवानिवृत्त सम्राटाचा झगा उसवला आणि त्यातून जांभळा मखमली अभ्रा शिवला, कडेला सोनेरी लेस लावून. तो इतका देखणा झाला की काढायला कुणाचा धीर होईना. पहिले काही दिवस कॉम्प्युटर नुसताच राज्याभिषेकाची वाट बघत बसून राहिला.

दुकान मावशींचं. वेशभूषा भाड्याने देण्याचं. शाळांची स्नेहसंमेलनं, ऑफिसातली हौशी नाटकं, कुणाला फोटो काढण्यापुरतं सरदार व्हायचं असेल तर तेही. कुठला सिंह कुठल्या शाळेत गेलाय, कुठल्या परीचा डावा पंख जरा पडेल आहे, कुठल्या राक्षसाच्या पोटात उशी घालायला विसरायची नाही, हे सगळं मावशींच्या डोक्यात. डोकं ताजं होतं, धंदा बरा चालला होता. कॉम्प्युटरची गरज दुकानाला नव्हतीच. गरज होती भाचीला.

भाची नुकतीच प्रोग्रॅम तयार करणाऱ्या एका कंपनीत लागली होती. कच्ची नोकरी. पक्की व्हायची तर एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने करून दाखवायचं होतं. गिऱ्हाइकाला काय हवंय ते विचारायचं, ते नीट लिहून काढायचं, त्यावर त्याची सही घ्यायची आणि मग लिहिल्याबरहुकूम प्रोग्रॅम बनवून द्यायचा. तिच्या वाट्याला आलेलं गिऱ्हाईक ऐन वेळी पळालं. तेव्हा ती डोळे पुसत मावशींच्या दुकानात येऊन परीराज्यातल्या भूछत्रावर बसली.

"मावशी, तू फक्त तुला काय हवंय ते सांग. पैसे नकोत, काही नको. कंपनी जुना कॉम्प्युटरसुद्धा वापरायला देतेय."

"मला काय हवंय? देवदयेने मला काही नको."

"असं नाही चालत. तुला काहीतरी हवंच असलं पाहिजे. त्याशिवाय माझी नोकरी पक्की होत नाही."

आता बहिणीची मुलगी रडवेली होऊन विचारतेय म्हटल्यावर माणसाला काहीतरी हवं व्हावंच लागतं. मावशी म्हणाल्या, "बरं बाई. घे लिहून."

इथे सिंहासनावरून आवाज आला, "असं तोंडी नाही. रीतसर झालं पाहिजे."

सिंहासनावर भाऊ बसलेले असत. भाऊ वरच्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. सकाळी दहाच्या ठोक्याला ते खाली येत आणि भाड्याच्या सिंहासनावर बसून पेपर वाचत. सिंहासन बाहेर गेलेलं असलं की भूछत्रावर. त्या दिवशी ते जरा घुश्शात असत. बँकेत त्यांनी आयुष्यभर लोकांना "उद्या या" सांगितलं होतं. ती सवय मोडायला त्यांना दुकानासारखी जागा दुसरी मिळाली नसती.

भाचीने वही उघडली आणि पहिल्यांदा गरजांचे प्रकार समजावून सांगायला घेतले. प्रोग्रॅमने काय काय करायचं, ही एक प्रकारची गरज. ते करताना तो कसा असला पाहिजे, म्हणजे किती चपळ, किती भरवशाचा, वापरायला किती सोपा, ही दुसरी. ज्या चौकटीत राहून करायचं ती बंधनं वेगळी. आणि मुळात हे सगळं कशासाठी, तो हेतू सगळ्यांच्या वरती, पहिल्या पानावर.

मावशींनी क्षणभर विचार केला. "कळलं. म्हणजे जावई शोधताना असतं तसंच. मुलगा काय करतो हे एक. स्वभावाने कसा आहे हे दुसरं. आपल्या खिशाला परवडेल तेवढ्यातच बघायचं, हे बंधन."

"अगदी बरोबर! आणि लग्न मुळात कशाला करायचं, तो हेतू."

"ते कुणी विचारत नाही," भाऊ सिंहासनावरून म्हणाले. ते आयुष्यभर अविवाहित होते.

"हेतूचं पान मग बघू," मावशी म्हणाल्या. "दुकान समोर दिसतंय, त्यात लिहायचं काय?"

भाचीने पहिलं पान कोरं सोडलं आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली.

तिला शिकवलं होतं, की गिऱ्हाइकाचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. शिकवण चांगलीच होती. पण ज्याने ती दिली त्याने मावशींना बोलताना ऐकलेलं नव्हतं. मावशी काम करता करता सांगत गेल्या आणि भाची प्रत्येक वाक्याला नंबर देत गेली.

"मिशी दिल्याशिवाय मुकुट द्यायचा नाही." कारण एकदा एक राजा मिशीविना रंगमंचावर गेला आणि प्रेक्षकांत बसलेल्या त्याच्या आईने तिथूनच हाक मारून विचारलं होतं, की राजा कोण आहे. "शेपूट कधी एकटी द्यायची नाही." कारण सुट्टी शेपूट परत येत नाही, हा मावशींचा अनुभव. वाघ परत येतो, शेपूट राहते. "अनामत किती घ्यायची ते चेहरा बघून ठरवायचं." "चार वाजता चहा. त्या वेळी प्रत्यक्ष राजा आला तरी उठायचं नाही." कारणं मावशींनी सांगितली, पण ती भाचीने लिहिली नाहीत. कारणांसाठी छापील नमुन्यात रकानाच नव्हता.

मग स्वभावाच्या गरजा आल्या.

"किती वेगात चालायला हवा?"

"गिऱ्हाइकाने जांभई द्यायच्या आत."

भाचीच्या साहेबांनी हे वाक्य परत पाठवलं. जांभई हे माप नाही, सेकंदांत लिहा. तेव्हा भाची घड्याळ घेऊन दोन दिवस भाऊंसमोर बसली. भाऊंना एरवी पेपर वाचताना जांभयांवर जांभया येत. पण कुणी घड्याळ लावून बसलंय म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. शेवटी मास्तरांच्या जांभईवर भागवावं लागलं.

"वापरायला किती सोपा?"

"मास्तरांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

हेही शब्दशः पाळलं गेलं. अक्षरं एवढाली झाली की पडद्यावर एका वेळी जेमतेम दोन-तीन शब्द मावत. एक मात्र कबूल करायला हवं, रस्त्यापलीकडच्या चपलांच्या दुकानातूनसुद्धा ते स्वच्छ वाचता येत.

रीतीप्रमाणे आधी कागदावर सही आणि मग प्रोग्रॅम. पण कंपनीला घाई होती. म्हणून प्रोग्रॅम तयार होऊन दुकानात आला आणि कागद मागे राहिला. म्हणजे बारसं आधी आणि लग्न मागाहून. वायर आखूड निघाल्यामुळे कॉम्प्युटरचं तोंड मावशींकडे करता आलं नाही, गिऱ्हाइकाकडे झालं. मावशींनी स्वतः मान वाकडी करून बघायचं. "पारदर्शकता!" असं म्हणून भाऊंनी याचं स्वागत केलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका.

ही शाळा म्हणजे मावशींच्या दुकानाची मानाची शाळा. त्यांचं संमेलन गावभर गाजायचं. मुख्याध्यापिका अशा की त्या रस्त्याने निघाल्या तर मोठमोठे बाप्ये सायकलवरून उतरत. यंदा नाटक होतं एका राणीचं आणि तिच्या राजकन्यांचं, शिवाय उंदरांचं एक पथक. मावशींनी एका बोटाने नाव टाईप केलं. यंत्राने विचार केला आणि ठसठशीत अक्षरांत विचारलं:

चेहरा बरा आहे का?

मुख्याध्यापिकांनी ते वाचलं. चपलांच्या दुकानदारानेही वाचलं. मावशींची मान वाकडी, हात घाईत, 'हो' कुठे तेच सापडेना. गडबडीत दुसरंच बटण दाबलं गेलं. यंत्र पिंगकन वाजलं.

चेहरा बरा नाही. अनामत दुप्पट.

"हे कुणाबद्दल आहे?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"बाई, ते... ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतंय."

"दुकानात मी एकटीच आहे."

"तसं बघायला गेलं तर मीही आहे," सिंहासनावरून भाऊ म्हणाले. एवढ्या वर्षांच्या शेजारधर्मात त्यांनी मावशींना केलेली ही सगळ्यात मोठी मदत. पण ती वाया गेली. मुख्याध्यापिका दुप्पट अनामत टेबलावर ठेवून निघून गेल्या. मावशींना रात्रभर झोप आली नाही. इतकी वर्षं धंदा केला, कुणाच्या चेहऱ्याला नाव ठेवलं नव्हतं. मनात ठेवलं असेल, पण एवढ्या मोठ्या अक्षरांत नाही.

सकाळी त्यांनी भाचीला गाठलं. "ते वाक्य काढ. आणि मुकुट-मिशीचंही बघ. राण्यांना मिशा नसतात, एवढं तरी त्याला सांग."

"अगं, तू म्हणालीस ना, मिशीशिवाय मुकुट नाही?"

"राजाबद्दल बोलत होते मी!"

"तू राजा म्हणाली नाहीस. मी तुझे शब्द जसेच्या तसे..." भाचीचा आवाज बारीक झाला. "आता बदलायचं तर बदल-विनंती करावी लागेल. बदल काय, कशासाठी, त्याचा आणखी कशाकशावर परिणाम होईल, सगळं लिहायचं. मग समिती बसते."

"कधी बसते?"

"पुढच्या आठवड्यात."

"आणि संमेलन या आठवड्यात! तुझी समिती उभ्या उभ्या बसत नाही का?"

समिती बसली नाही. उलट संमेलनाच्याच दिवशी साहेबांनी मावशींना सहीसाठी ऑफिसात बोलावलं. त्याच दिवशी भाचीच्या नोकरीचा निकाल लागायचा होता. सही नसेल तर भाचीने दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं करायचं, असं ती घरी रडून सांगून आली होती. शाळेचं सामान पाठवायचंही त्याच दिवशी. मावशींनी एकदा दुकानाकडे बघितलं, एकदा भाचीच्या तोंडाकडे बघितलं आणि पर्स उचलली.

"ताई, निर्धास्त जा," भाऊ म्हणाले. त्यांनी सिंहासन सोडून गल्ल्यामागची खुर्ची घेतली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जुनं तेज आलं. "नियमाच्या बाहेर एक टाचणीसुद्धा जाणार नाही."

हे ऐकून खरं तर मावशींनी तिथेच थांबायला हवं होतं.

कंपनीच्या ऑफिसात माणसांसाठी एक पंखा होता आणि कॉम्प्युटरांसाठी थंड हवेची अख्खी खोली. साहेब भला माणूस होता. त्याने चहा मागवला, मावशींना खिडकीजवळची खुर्ची दिली आणि कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. आयुष्यात न वाचता सही करायची नाही, असं मावशींना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. त्यांनी चष्मा लावला. आपलीच वाक्यं नंबर लावून समोर आलेली बघून त्यांना आपल्याच घरी पाहुणे म्हणून गेल्यासारखं वाटलं. मग पहिलं पान उघडलं. कोऱ्या जागेत आता एक ओळ छापलेली होती: 'हेतू — व्यवसायाची कार्यक्षमता वाढवणे.'

"हे मी कधी म्हणाले?"

भाचीने मान खाली घातली. "तू काहीच म्हणाली नाहीस मावशी. ती जागा रिकामी चालत नाही. म्हणून सगळे लिहितात तेच मी लिहिलं."

"सगळ्यांचं दुकान आहे का हे?"

"बाई, ती एक औपचारिक ओळ असते," साहेब म्हणाला.

"मग माझी सहीही औपचारिकच समजा आणि सोडून द्या."

असं त्या बोलल्या खऱ्या, पण भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं. सही करावी तर खोटं, न करावी तर पोरीची नोकरी. आणि खरं काय लिहायचं, तेही सुचेना. इतकी वर्षं दुकान चालवून कशासाठी चालवतो ते एका ओळीत सांगता येऊ नये, याची त्यांना लाज वाटली. "मला ऑफिस बंद होईपर्यंत मुदत द्या," म्हणून त्यांनी गठ्ठा पर्समध्ये कोंबला आणि त्या निघाल्या. भाचीही मागोमाग निघाली, कारण मावशी रागाने चालायला लागल्या की रस्ता ओलांडताना इकडेतिकडे बघत नसत.

वाटेत शाळा. सभागृहातून एवढा हशा येत होता की दोघी जागच्या जागी थबकल्या. नाटक गंभीर होतं. मावशींनी दारातून डोकावून बघितलं.

रंगमंचावर राणी होती. डोक्यावर मुकुट आणि नाकाखाली झुबकेदार मिशी. तिच्या दोन्ही बाजूंना राजकन्या, लहान मुकुट, लहान मिशा. नियमाप्रमाणे प्रत्येक मुकुटाबरोबर एक मिशी आली होती आणि छापील पावतीवर तसं लिहिलेलं होतं. छापील आहे म्हणजे नाटकात असणारच, असं नाटक बसवणाऱ्या बाईंना वाटलं. मुलींना तर काही वाटून घ्यायचंच नव्हतं, त्यांनी आनंदाने मिशा चिकटवल्या. राणी मिशीला पीळ देत म्हणाली, "माझ्या लाडक्या लेकींनो!" आणि सभागृह आडवं झालं.

 इतक्या वर्षांचं नाव त्या मिशांवरून घसरून चाललेलं मावशींना दिसत होतं.

तेवढ्यात त्यांच्या कानाला दुसरा एक आवाज आला. एवढ्या हशातून तो ऐकू येण्यासारखा नव्हता, पण हा आवाज ऐकण्यातच मावशींचं आयुष्य गेलं होतं. त्या बाजूच्या दाराने थेट विंगेत शिरल्या. तिथे पडद्याच्या दोऱ्यांमागे एक छोटा उंदीर भिंतीकडे तोंड करून हुंदके देत होता.

"काय झालं गं?"

"माझी शेपूट तुटली. मी जाणार नाही. सगळे हसतील."

शेजारच्या तरुण बाई हात चोळत होत्या. "अहो, तुमच्या दुकानात शिपाई पाठवला होता शेपूट आणायला. ते गृहस्थ म्हणाले, शेपूट एकटी मिळत नाही. नियम क्रमांक सात. आणि नंतर गेला तर म्हणाले, चार वाजलेत."

मावशींनी इकडेतिकडे बघितलं. मग पर्सचा लांब चामडी पट्टा दोन्हीकडून हिसडून काढला आणि गुडघ्यावर बसून उंदराच्या पाठीशी टाचण्यांनी घट्ट अडकवला. पर्स उघडी पडली, आतला गठ्ठा विंगेभर पसरला. भाची तो गोळा करायला वाकली आणि तशीच वाकून बघत राहिली.

उंदराने मान वळवून मागे बघितलं. "हिला बक्कल आहे."

"मग? मोठ्या घरचा उंदीर आहेस तू."

उंदराने नाक पुसलं. शेपूट एकदा डावीकडे हलवून बघितली, एकदा उजवीकडे. बक्कल खणखणलं. मग तो असा काही ऐटीत रंगमंचावर गेला, की मिशीवाल्या राणीलासुद्धा क्षणभर बाजूला व्हावं लागलं.

मावशी गुडघ्यांवरच बसून राहिल्या. अशीच एक विंग, असाच दोऱ्यांचा वास, आणि पंख वेळेवर आले नाहीत म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी असलेली एक परी त्यांना आठवली. तिचं नाटक तिच्याविनाच पार पडलं होतं. पुढे त्या परीने मोठेपणी वेशभूषेचं दुकान काढलं.

"सोने," त्या भाचीला म्हणाल्या, "ते पहिलं पान दे. आणि पेन."

ऑफिस बंद व्हायच्या बेताला साहेबाच्या टेबलावर गठ्ठा येऊन पडला. पानांवर रंगमंचाची धूळ होती. छापलेली ओळ खोडून खाली मावशींच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हेतू — एकही मूल विंगेत रडत राहू नये.' आणि खाली सही.

साहेबाने ते दोनदा वाचलं. "वाक्य चांगलं आहे. पण गरज अशी लिहायची असते, की ती पुरी झाली का ते तपासता आलं पाहिजे. हे कसं तपासणार?"

मावशी काही बोलणार, तोच भाची बोलली. आतापर्यंतचा तिचा बारीक आवाज कुठे गेला कुणास ठाऊक.

"येतं साहेब. विंगेत उभं राहायचं आणि ऐकायचं. आणि या ओळीवर बाकीचे सगळे नियम पुन्हा घासून बघायला हवेत. बिनमिशीच्या राजाला लोक हसतात आणि मूल रडतं, म्हणून मिशी राजालाच. शेपूट एकटी द्यायची नाही, पण मूल रडत असेल तर द्यायची. मी नियम लिहिले, त्यांची कारणं लिहिली नाहीत. रकाना नव्हता. मी रकाना वाढवते."

साहेबाने पहिलं पान गठ्ठ्यावर नीट ठेवलं. मग त्याने खालच्या खणातून नोकरीचा कागद काढला आणि त्यावर सही केली. त्यानेही वाचून केली, असं मावशी पुढे आवर्जून सांगत.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका दुकानात आल्या. मावशींनी घाईघाईने कॉम्प्युटरवर मखमली अभ्रा ओढला. पण बाई पुढच्या वर्षीचं सांगायला आल्या होत्या. "नाटक तेच. मुली ऐकत नाहीत. मिशा पाठवा." आणि जाता जाता अभ्र्याकडे न बघता म्हणाल्या, "चेहऱ्याचं तेवढं काढून टाका."

किती वर्षं झाली त्याला. सम्राटाच्या झग्यातला तो अभ्रा विरला, त्याच्या आतला कॉम्प्युटर भंगारात गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तिसरा आला. भाऊ गेले तेव्हा सिंहासन आठवडाभर कुणाला भाड्याने दिलं नाही. भाची मोठी साहेबीण झाली. नवी मुलं हाताखाली आली, की ती त्यांना आधी पहिलं पान भरून आणायला पाठवते आणि तिथे 'कार्यक्षमता' असं लिहून आणलं की परत पाठवते.

दुकान बंद होईपर्यंत बाहेर गेलेल्या सामानाच्या यादीत सगळ्यात वर एक नोंद कायम असायची: शेपूट, बक्कलाची. परत आलेली नाही. भाऊ हयात असताना दर वर्षअखेरीला म्हणायचे, "ताई, ही आता बुडीत धरून काढून टाकूया. हिशेब स्वच्छ दिसेल."

"राहू दे," मावशी म्हणायच्या. "एवढी एकच एकटी गेली. फिरत असेल कुठेतरी ऐटीत."